उरलेल्या सहली

माझ्या धंद्यात माणसं मोजावी लागतात. बसमध्ये चढल्यावर एकदा, उतरल्यावर एकदा, हॉटेलातून निघताना एकदा. सव्वीस वर्षं मी सहलींचा मॅनेजर आहे आणि आजवर एकही माणूस परमुलखात विसरून आलेलो नाही. हा मोठेपणा आत्ताच सांगून घेतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात तो शोधूनही सापडणार नाही.

मोजण्याबरोबर मला वहीचीही खोड होती. सहलीच्या पहिल्याच दिवशी कोण मागे राहतं, का राहतं, ते मी लिहून ठेवायचो. ‘चौगुले – उतारावर बायकोचा दंड धरतात.’ ‘कुलकर्णीबाई – दर दोनशे पावलांवर फोटो काढू या म्हणून थांबतात, फोटो काढत नाहीत.’ दुसऱ्या दिवसापासून कुणाला बसच्या पुढच्या सीटवर बसवायचं, कुणाला ‘तुम्ही इथंच चहा घ्या, वर बघण्यासारखं काही नाही’ असं खोटं सांगायचं, ते या वहीवरून ठरायचं. सांगलीच्या ऑफिसात अशा एकसष्ट वह्या साठल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डॉ. केतकी वर्तक आल्या. वय चौतीस, डॉक्टरेट माणसाच्या चालण्यावर, आणि नेमणूक मार्केटिंगमध्ये. त्यांनी आठवडाभर माझ्या वह्या वाचल्या आणि म्हणाल्या, “मगदूम, तुम्ही चोवीस वर्षं प्रयोगशाळा चालवताय आणि तुम्हालाच ते माहीत नाही.” मी फुगलो. कोणीही फुगलं असतं.

त्यांनी मला समजावलं ते असं. चालताना एक क्षण असा येतो की दोन्ही पाय जमिनीवर असतात. तरुणपणी हा क्षण इतका छोटा असतो की डोळ्याला दिसत नाही. वय वाढतं तसा तो लांबत जातो, कारण शरीराचा एका पायावरचा भरवसा उडत चाललेला असतो. पावलाची लांबी, वळायला लागणारा वेळ, उठताना हातांनी दिलेला रेटा, सगळ्यातून शरीर आपली स्थिती सांगत असतं. हृदय, मेंदू, स्नायू, कान, काहीही बिघडायला लागलं की सगळ्यात आधी चाल बदलते. ही चाल आता सगळीकडे टिपली जात होती. खिशातल्या फोनमध्ये, मनगटावरच्या घड्याळात, आमच्या ऑफिसच्या दारातल्या गालिच्याखाली बसवलेल्या पट्टीत. नुसती चाल मोजून उपयोग नव्हता, त्या चालीच्या माणसाचं पुढे काय झालं हेही यंत्राला शिकवावं लागतं. ते माझ्या वह्यांत होतं. कोण पुढच्या वर्षी आलं, कोण एकदाच येऊन थांबलं, कोण गेलं.

त्यातून निघाला एक आकडा. उरलेल्या सहली. ग्राहकाच्या नावासमोर वीस, सात, तीन, एक, शून्य. शंभरातल्या एक्क्याण्णव जणांच्या बाबतीत तो खरा ठरायचा.

त्या दिवसांत सगळ्या पर्यटन व्यवसायाला एकच घोर होता. ग्रुपबरोबर फिरणारी पिढी म्हातारी झाली होती आणि तरुणांना आमच्या बसमध्ये बसून अंताक्षरी खेळायची नव्हती. तेव्हा जे आहेत त्यांतल्या कुणाच्या मागे लागायचं हे नेमकं कळणं म्हणजे सोन्याची खाण होती. दहाच्या वरच्यांना पाच-पाच वर्षांच्या योजना. एकवाल्यांना ‘आयुष्यात एकदा’ नावाचं चकचकीत माहितीपत्रक, सवलत नाही, कारण ते परत येणारच नव्हते. शून्यवाल्यांना काही म्हणजे काही नाही. वाढदिवसाचा निरोपसुद्धा बंद. वर्षभरात झाडून सगळ्या कंपन्यांनी हेच सुरू केलं.

मनाई कोणालाच नव्हती, हे लक्षात घ्या. ऑफिसात येऊन नाव नोंदवलं असतं तर शून्यवाल्यालाही आम्ही नेलं असतं. पण आमचे ग्राहक बोलावल्याशिवाय येत नाहीत. ती सवय आम्हीच त्यांना लावली. पूर्वी मालक दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन घरोघर जायचे. आता मंजिरीचा फोन जायचा. मंजिरी म्हणजे यंत्रातला आवाज. तुमचा गुडघा, नातवाची दहावी, जेवणात कांदा-लसूण चालत नाही, सगळं तिच्या ध्यानात असायचं, आणि ती कधीच घाईत नसायची. कंपनी असा काही आकडा काढते हे गावाला कुणकुण लागून माहीत झालं होतं. कुणाचा किती, ते मात्र कोणालाच सांगायचं नाही असा दंडक होता.

आता अक्काकडे येतो.

त्रिशला मगदूम, माझी पंधरा वर्षांनी मोठी बहीण. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. अक्कानं लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि मला वाढवलं. माझं लग्न झालं तसं मोडलंही, वर्षातले दोनशे दिवस बाहेर असणाऱ्या माणसाबरोबर कुणी किती दिवस काढावेत? तेव्हा माझं म्हणावं असं माणूस एकच. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहणारं, एकाहत्तर वर्षांचं, भाजीवाल्याची बेरीज तोंडानं दुरुस्त करणारं.

तिला आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती. श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक. बारा वर्षांतून एकदा गोमटेश्वराच्या त्या एवढ्या उंच मूर्तीवर मचाणावरून कलश ओततात, पाण्याचे, दुधाचे, हळदीचे, चंदनाचे. मूर्ती रंग बदलत जाते. २०१८ साली आई अंथरुणावर होती, अक्का गेली नाही. २०३० साली निघायच्या आदल्या दिवशी माझं अपेंडिक्स फुटलं आणि ती नऊ दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. मी शुद्धीवर आल्या आल्या म्हणालो, “अक्का, पुढच्या वेळी मी नेतो.” ती म्हणाली, “बारा वर्षं आहेत. आधी पेज घे.”

ती बारा वर्षं भरत आली. २०४२च्या फेब्रुवारीतल्या अभिषेकासाठी आदल्या दसऱ्याच्या आधी मंजिरीचे फोन सुरू झाले. गावातल्या आमराईत फिरायला येणाऱ्या मंडळींत दुसरा विषय नव्हता. ‘फोन आला का?’ आणि आला असेल तर दुसऱ्या दिवसापासून तो माणूस बागेला एक फेरी जास्त मारायचा. बेळगोळचा डोंगर अनवाणी चढायचा असतो, सहाशेच्या वर पायऱ्या.

अक्का एकदा हसत हसतच म्हणाली, “मंजिरीचा मला फोन नाही आला रे, भरतू. त्यांच्याकडं माझा जुना नंबर आहे का बघ की.”

मी ऑफिसात जाऊन बघितलं. नंबर बरोबर होता. नावासमोर शून्य होतं. मी नाव पुन्हा वाचलं, जन्मतारीख पडताळली, यंत्र बंद करून चालू केलं. मग पाणी प्यायलो आणि वर्तक मॅडमच्या खोलीत गेलो.

“माझ्या बहिणीचा आकडा चुकलाय.”

“शंभरातले नऊ चुकतात. त्यातल्या असतील.”

“गेल्या वर्षी ती कंबोडियात सगळ्यांच्या पुढं होती!”

त्यांनी तिची माहिती उघडली. जूनमध्ये अक्काला ताप आला होता, तीन आठवडे ती पडून होती. तेव्हा चाल खालावली आणि आकडा सातावरून एकदम शून्यावर आला. त्यानंतर ती मंदच होती.

“तापातून उठल्यावर माणसं सावरत नाहीत का?” मी विचारलं.

“बाकीचे सावरतात. पण एकदा शून्यावर गेलेलं कोणी आजवर वर आलेलं नाही. म्हणून तर हा आकडा भरवशाचा.”

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. उशिराच पडला. “मॅडम, आमची माणसं तब्येतीसाठी चालत नाहीत. तब्येतीसाठी चाला म्हणून डॉक्टर जन्मभर सांगतात, ती ढिम्म हलत नाहीत. ती टूरसाठी चालतात. फोन आला की कपाटातून बूट बाहेर काढतात. फोन आला नाही की खुर्ची.”

मॅडमनी पडद्यावर शून्यवाल्यांची यादी उघडली. “म्हणजे आपण फोन बंद करतो, म्हणून ते चालायचे थांबतात, म्हणून शून्य खरं ठरतं. आणि खरं ठरलं की यंत्र त्यातूनच पुढचं शिकतं.” त्याच दुपारी त्या वरच्यांशी बोलल्या. उत्तर आलं, आकडा बरोबर येतोय ना, मग अडचण काय आहे?

संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “यादीत मला हात घालता येणार नाही. पण तुम्ही तुमच्या फोनवरून कुणाला बोलावावं, ते कंपनी कशी ठरवणार?”

मी शून्यवाल्यांतली चाळीस माणसं निवडली आणि एकेकाला स्वतः फोन केला. “मी भरतेश मगदूम. बेळगोळला यायचंय बरं का, नाव धरलंय तुमचं.” पलीकडून काय आवाज यायचे! एक आजोबा नुसतेच ‘हो हो हो’ म्हणत राहिले. अक्काकडे मात्र मी दसऱ्याला आपट्याची पानं आणि माहितीपत्रक घेऊन गेलो.

“मंजिरीचं काय घेऊन बसलीस,” मी म्हणालो. “मी आलोय ना सांगायला. तुझं नाव पहिलं.”

तिनं माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं, मग पुसून परत लावून वाचलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं जिना धरला. आधी दोन मजले, मग चार, मग चार मजले तीनदा, अनवाणी. रोजच्या पायऱ्या कॅलेंडरवर लिहायची. खालची शेजारीण माझ्याकडे तक्रार घेऊन आली की बाई पहाटे पायऱ्या मोठ्यानं मोजतात.

सहा आठवड्यांनी आम्ही आकडे पुन्हा पाहिले. चाळिसातली सत्तावीस माणसं शून्यावरून वर आली होती. कुणी एक, कुणी तीन. अक्का दोन. मी ऑफिसच्या संडासात कडी लावून रडलो, वर्तक मॅडमनी मिठाई मागवली. आम्ही दोघांनी मिळून काहीतरी मोडलं होतं आणि ते मोडण्यासारखंच होतं, अशी आमची समजूत होती.

त्या आठवड्यातली सकाळ. मी आमराईत गेलो तर चौगुले बाकावर बसलेले. शहात्तर वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्या चाळिसांतले एक. भोवती आणखी पाचसहा जण होते.

“भरतेशराव, एक इचारू?” ते म्हणाले. “मला तुम्ही सवता फोन केलासा. ह्या देसायांनाबी केलासा. शेट्यांना मात्र मंजिरीनं केला. असं कसं?”

“जुन्या ग्राहकांना मी स्वतः करतो,” मी ठोकून दिलं.

“शेटे माझ्याहून जुने हाईत की.”

चौगुल्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. “तुमचा फोन कुणाकुणाला? माझा बायपास. देसायांचा खुबा. पाटलीणबाईंना ते गाठीचं झालंय. आवटी तर काठीशिवाय उठत न्हाईत. आणि मंजिरीचा फोन कुणाला, तर ह्या सगळ्या धडधाकटांना.” मग ते हसले. “म्हंजे तुमचा फोन आला की वरचं बोलावणं आलं म्हणायचं!”

बाकी कोणी हसलं नाही. चौगुल्यांचं हसू मात्र तोंडावर तसंच राहिलं, ते काढून कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

सव्वीस वर्षं मी याच माणसांबरोबर फिरलो. कोण कुणाला मागे टाकतं, कोण कुणाच्या ताटात बघतं, सगळं मला ठाऊक. आणि मला एवढं सुचू नये, की सांगलीत एकाच कार्याचं आमंत्रण दोन वेगवेगळ्या वाटांनी गेलं तर लोक संध्याकाळच्या आत त्याचं कारण शोधतात? यंत्रानं कोणाचा आकडा कोणाला सांगितला नव्हता. तो मी सांगितला. चाळीस जणांना, फोन करून, आपुलकीनं.

दुसऱ्या दिवशी आमराईत बारा माणसं कमी होती. आठवड्याभरात चाळिसातल्या तिघांखेरीज सगळ्यांनी नावं काढून घेतली. कुणाला नातीचं लग्न निघालं, कुणाला थंडी सोसत नव्हती. चौगुल्यांनी काही कारण दिलं नाही.

मी अक्काकडे धावलो. ती खुर्चीत बसली होती. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि ही तिची जिन्याची वेळ होती.

“काय बघालाईस असा?” ती म्हणाली. “बस. आमराईतलं बोलणं माझ्या कानावर आलंय. मला एक खरं सांग. मी शून्य आहे का?”

“नाहीस. तू दोन आहेस. आई शप्पथ, अक्का, दोन.”

“आणि दसऱ्याला? तू पानं घेऊन आलास तेव्हा?”

खोटं बोलणं हे माझं पोटापाण्याचं साधन आहे. बंद पडलेलं कारंजं मी लोकांना पवित्र म्हणून दाखवलंय. पण या बाईनं मला पाढे शिकवले होते, तिच्यापुढे मला ते कधीच जमलं नाही. “शून्य होतीस,” मी म्हणालो.

मग मी तिला सगळं समजावलं. आकडा कसा काढतात, फोन थांबला की माणूस कसा बसतो, यंत्र आपलंच उत्तर बघून पुढचं गणित कसं सोडवतं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मधे दोन प्रश्नही विचारले, आणि ते वर्तक मॅडमच्या वरच्यांनी विचारायला हवे होते इतके नेमके होते.

“म्हणजे उत्तर आधी लिहून मग रीत मांडलेली,” ती म्हणाली. “असल्या पेपरला मी भोपळा दिला असता.”

“तेच सांगतोय मी! मग चल ना. ऊठ, दोन मजले तरी चढू.”

ती खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठली, दारापर्यंत गेली, जिन्याकडे बघितलं. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा उचलेपर्यंत कितीतरी वेळ गेला. रोज चार मजले तीनदा चढणारी बाई ती. कठडा धरून उभी राहिली आणि घाबरल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली.

“डोक्याला पटलंय रे, भरतू,” ती म्हणाली. “पायांना पटत नाही.”

मी वर्तक मॅडमच्या हातापाया पडलो. अक्काचा आकडा दोन होता, म्हणजे आता मंजिरीनं फोन करायला हरकत नव्हती, फक्त नवी यादी यायला अजून वेळ होता. मॅडमनी नियम वाकवून तिचं नाव आधी घातलं. मी मुद्दाम फोनच्या वेळी अक्काकडे जाऊन बसलो.

“नमस्कार त्रिशलाताई, मी मंजिरी. ताप आला होता ना तुम्हाला? आता कशा आहात?”

अक्काचा चेहरा क्षणभर उजळला. मी तो पाहिला, म्हणून सांगतो. मग तिनं विचारलं, “मला फोन कर म्हणून तुला कुणी सांगितलं गं? माझ्या भावानं?”

मंजिरीला खोटं बोलायची परवानगी नव्हती. ग्राहक संरक्षणाचा कायदाच तसा होता. “माफ करा, ताई, ही माहिती मला देता येणार नाही,” ती गोड आवाजात म्हणाली.

“कळलं,” अक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर मी रोज तिचा आकडा बघायचो. बघू नये हे कळत होतं. दोनाचा एक व्हायला तीन आठवडे लागले, एकाचं शून्य व्हायला दोन. वर आलेल्या बाकीच्यांचंही तेच झालं. जानेवारीत पाटलीणबाई गेल्या, मग आवटी, मग चौगुले झोपेतच गेले. आकड्याचा खरेपणा एक्क्याण्णवावरून चौऱ्याण्णवावर गेल्याचं पत्रक ऑफिसात फिरलं. वर्तक मॅडमनी राजीनामा दिला. मी दिला नाही. बेळगोळची टूर माझ्या नावावर होती आणि दुसरं काही मला येतही नाही.

फेब्रुवारीत मी पंचेचाळीस माणसं घेऊन डोंगर चढलो. सगळे पाचाच्या वरचे; चाळिसातले जे तिघं उरले होते, त्यांतलंही शेवटी कोणी आलं नाही. खालपासून वरपर्यंत कोणी मागे राहिलं नाही, सबंध नोकरीत असा ग्रुप मला मिळाला नव्हता. वर हळदीचा कलश ओतला तेव्हा मूर्ती कपाळापासून खाली पिवळी होत आली आणि सगळा डोंगर ओरडला. मी हात उंच करून फोनचा कॅमेरा मूर्तीवर धरला आणि अक्काला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तोवर मूर्तीवर चंदन ओतून झालं होतं आणि मागचे लोक मला पुढे ढकलत होते.

परत आलो त्याच दिवशी बाटलीतून गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं डोळे मिटून ते कपाळाला, गळ्याला लावलं. ती आता खुर्चीतून उठायची ती भिंत धरून. गर्दी किती होती, पायऱ्या तापल्या होत्या का, हे तिनं विचारलं, मी सांगितलं.

“फोन का उचलला नाहीस?” मी विचारलं. “तीनदा केला. तुला दाखवायचं होतं.”

“दाखवायला केला होतास?” ती म्हणाली. “मला वाटलं, सांगायला केलास.”

“काय सांगायला?”

तिनं पदरानं कपाळाची कड टिपली, ओलं गंधोदक पुसलं जाणार नाही अशा बेतानं. मग माझ्या मनगटावर हात ठेवून, लहानपणी चुकलेलं गणित दाखवताना ठेवायची तसा, हळू आवाजात म्हणाली, “रागावू नकोस, भरतू. फोनवर तुझं नाव दिसलं की वरचं बोलावणं आलं असंच वाटतं, छातीत धस्स होतं. किती समजावलं तरी होतं. तू येत जा, बसत जा. पण बाहेरगावी असलास की मला फोन नको करत जाऊ.”

“बरं, अक्का,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी मला पुढच्या ग्रुपबरोबर अठरा दिवसांसाठी निघायचं होतं, आणि त्या घरी माझ्याशिवाय फोन करणारं दुसरं कोणीही नव्हतं.